मोठ्या शस्त्रक्रियेआधी : दैव, यत्न आणि संमती

मोठ्या शस्त्रक्रियेची तयारी एकाच घरात दोन ठिकाणी चालते. एक तयारी कागदांची, पैशाची आणि शरीराची : तपासण्यांची फाइल, रेशनकार्ड, रक्ताची सोय, सोबत कोण जाणार याचा निर्णय. दुसरी देवघरात, विहारात किंवा दर्ग्यात : नवस, पारायण, परित्राणपाठ, दुआ. यवतमाळ जिल्ह्यातल्या बहुतेक कुटुंबांत या दोन्ही तयाऱ्या बरोबरीने सुरू असतात आणि त्यांच्यात काही विरोध आहे असे घरातल्या कुणाला वाटत नाही. तत्त्वविचारात मात्र त्यांच्या मधोमध एक जुना प्रश्न उभा आहे. आयुष्याची दोरी वरच्याच्या हाती असेल, तर शेकडो किलोमीटर दूरच्या नामांकित रुग्णालयात कशासाठी जायचे? आणि सारे काही सर्जनच्या हातावर अवलंबून असेल, तर नवस कशाला? भारतीय परंपरेने याची दिलेली उत्तरे समजली जातात त्याहून बरीच काटेकोर आहेत. रुग्णाने स्वतः काय करायचे, हेही त्यांतून स्पष्ट होते.

यवतमाळ शहरात १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि असंख्य शस्त्रक्रिया तिथेच होतात. हृदय, मेंदू, कर्करोग अशा आजारांत मात्र अनेकदा ‘पुढं न्या’ असे सांगितले जाते. मग कुणी वर्ध्याजवळच्या सावंगीला किंवा सेवाग्रामला जाते, कुणी सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरला. पुसद-उमरखेडकडची माणसे नांदेडची वाट धरतात, पांढरकवड्याकडची कधी महामार्गाने हैदराबाद गाठतात. कर्करोगासाठी धामणगाव किंवा वर्धा स्थानकावरून रात्रीची गाडी धरून मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जाणारेही पुष्कळ. १९४१ साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयाचे नाव विदर्भातल्या खेड्यांत सर्वांना ठाऊक आहे. ‘टाटाला नेलं’ एवढे म्हटले की आजार कोणता हे वेगळे सांगावे लागत नाही.

घर सोडून जाण्याने प्रश्न अधिक टोकदार होतो. गावात आजारी पडलेल्या माणसाभोवती घरचे देव, भावकी, शेजार, ओळखीचे डॉक्टर असतात. दूरच्या रुग्णालयात तो एका क्रमांकाने ओळखला जातो आणि ज्याचे नावही नीट उच्चारता येत नाही अशा माणसाच्या हाती आपला देह सोपवतो. अशा वेळी विश्वास कशावर ठेवायचा, हे ठरवावेच लागते.

दैव आणि प्रयत्न यांचा हिशेब चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात सविस्तर आला आहे. आयुष्याची मर्यादा आधीच ठरलेली असते की नाही, असे अग्निवेश आपल्या गुरूंना, आत्रेयांना, थेट विचारतो. आत्रेय दोन्ही टोके नाकारतात. पूर्वदेहात केलेले कर्म म्हणजे दैव आणि या देहात केलेले कर्म म्हणजे पुरुषकार. दोन्हींचे बळ कमीअधिक असू शकते. दुबळ्या दैवावर प्रबळ प्रयत्न मात करतो, प्रबळ दैवापुढे प्रयत्न थिटा पडतो. यानंतर ते एक युक्तिवाद मांडतात, तो फार महत्त्वाचा आहे. प्रत्येकाचे आयुष्य ठरलेलेच असते, तर दीर्घायुष्यासाठी मंत्र, औषधी, होम, उपवास, प्रायश्चित्त यांपैकी कशाचीच गरज उरली नसती आणि उधळलेल्या जनावराच्या वाटेतून बाजूला होण्याचेही कारण नव्हते. म्हणजे शुद्ध दैववाद मानला तर जसे औषध निरर्थक ठरते तशीच पूजाही निरर्थक ठरते. ‘देवाच्या मनात असेल ते होईल’ म्हणून शस्त्रक्रिया टाळणारा आणि त्याच देवाला नवस बोलणारा माणूस आत्रेयांच्या लेखी आपलेच म्हणणे खोडत असतो.

त्याच अध्यायात गाडीच्या आसाचा दृष्टान्त आहे. चांगला आस नीट वापरला तर झिजत झिजत आपल्या वेळी मोडतो. पण ओझे जास्त लादले, रस्ता खराब असला, चाक निखळले किंवा वंगण दिले नाही, तर तोच आस वाटेतच मोडतो. काळमृत्यू आणि अकाळमृत्यू यांतला फरक असा सांगितला आहे. कापसाच्या गाड्या ज्यांनी हाकल्या त्या जिल्ह्याला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. शस्त्रक्रियेचे काम या दुसऱ्या प्रकारच्या मोडण्यात आहे. मृत्यू टाळता येतो असा दावा त्यात नाही. वाटेतच मोडू पाहणारा आस सावरण्याचा हा प्रयत्न आहे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. हा क्रम शस्त्रक्रियेला लावून पाहण्यासारखा आहे. रुग्णाचा देह हे अधिष्ठान. सर्जन आणि भूलतज्ज्ञ हे कर्ते. उपकरणे, औषधे, रक्त ही साधने. परिचारिकांपासून नातेवाइकांपर्यंत सर्वांची धडपड म्हणजे चेष्टा. दैव पाचवे आहे. ते नाकारलेले नाही, पण पहिल्या चार कारणांची जागाही त्याला दिलेली नाही. ज्या घरात पहिली चार कारणे अपुरी ठेवून पाचव्यावर भिस्त ठेवली जाते, तिथे गीतेचा आधार घेता येणार नाही. समर्थ रामदासांच्या दासबोधातही शरीराच्या दुखण्यांची लांबलचक यादी आध्यात्मिक तापाच्या समासात आली आहे आणि यत्नाचा आग्रह तर ग्रंथभर आहे. महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेने हात जोडून स्वस्थ बसणे शिकवले, हा समज खरा नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या धार्मिक विधींचा फार जुना आणि तपशीलवार उल्लेख सुश्रुतसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात शस्त्रकर्माआधीची तयारी दिली आहे आणि तिचा क्रम बारकाईने पाहावा असा आहे. आधी साहित्य : यंत्रे, शस्त्रे, क्षार, अग्नी, कापूस, वस्त्र, सूत, मध, तूप, तेल, काढे, लेप, पंखा, थंड आणि गरम पाणी, आणि प्रेमळ, स्थिर, अंगाने बळकट असे परिचारक. हे सगळे जमले की मगच शुभ तिथी-नक्षत्रावर, दही, अक्षता, अन्न, रत्ने यांनी अग्नी, ब्राह्मण आणि वैद्य यांची पूजा, बली, मंगलकर्म, स्वस्तिवाचन. त्यानंतर हलके जेवलेल्या रुग्णाला पूर्वेकडे तोंड करून बसवायचे. पोटाचे विकार, अडलेला गर्भ, मूळव्याध, मूतखडा, भगंदर आणि तोंडाचे रोग यांत मात्र उपाशीपोटीच शस्त्र चालवायचे. वैद्याचे गुणही तिथे सांगितले आहेत : धैर्य, चपळाई, शस्त्राची धार, हाताला घाम आणि कंप नसणे, ऐन वेळी न गोंधळणे. कर्म झाल्यावर गुग्गुळ, वेखंड, पांढरी मोहरी, कडुनिंबाची पाने यांची तुपासह धुरी आणि रक्षामंत्र.

या मांडणीत मंत्राला जागा आहे, पण ती जागा शस्त्र, सूत आणि कुशल हात यांच्या मागोमाग येते. उणे साहित्य मंत्राने भरून निघेल, असे सुश्रुत कुठेही म्हणत नाही. मुहूर्ताचा प्रश्नही इथेच सुटतो. आजही अमावास्या किंवा पितृपक्ष पाहून शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलण्याची विनंती होते. गाठ वाढत नसेल, डॉक्टरांची हरकत नसेल, तर मनाच्या समाधानासाठी चार दिवस थांबण्यात तोटा नाही. पण नामांकित रुग्णालयात मिळालेली तारीख सोडली तर पुढची कधी मिळेल याचा भरवसा नसतो आणि कर्करोग पंचांग पाहून थांबत नाही. चरकाने शोधनकर्मासाठी ऋतू ठरवून दिले, तरी तातडीच्या वेळी प्रतिकूल ऋतूतही कृत्रिम उपायांनी अनुकूल स्थिती निर्माण करून काम करावे असे सांगितले. काळाचे नियम रुग्णासाठी आहेत, हे तत्त्व त्यामागे दिसते.

नवसाबद्दल स्वतंत्रपणे बोलले पाहिजे, कारण या भागात तयारीचा तोच सर्वांत जिव्हाळ्याचा भाग असतो. कळंबच्या चिंतामणीला, पैनगंगेपलीकडच्या माहूरच्या रेणुकेला, शेगावच्या गजानन महाराजांना, पोहरादेवीच्या सेवालाल महाराजांना नवस बोलले जातात. गजानन विजय ग्रंथाच्या एकवीस अध्यायांचे पारायण घरी बसते. बंजारा तांड्यावर भोग लावून अरदास होते. त्याकडे केवळ अडाणीपणा म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात घरातल्या म्हातारीच्या हाती करण्यासारखे दुसरे काही नसते. पारायण तिला काम देते, वेळ देते आणि ज्याच्यासाठी ती वाचते त्याला कुणीतरी आपल्यासाठी जागत आहे हे कळते.

तरी नवसाचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. एकात सौदा असतो : अमुक झाले तर अमुक देईन. दुसऱ्यात रुग्ण आजपासूनच काही सोडतो किंवा धरतो आणि फळ काय मिळेल ते मिळो म्हणतो. सौद्याचा धोका निकालानंतर दिसतो. शस्त्रक्रिया फसली की नवसात काय चुकले, कुणी विटाळ पाळला नाही, कुणाची श्रद्धा कमी पडली, याचा शोध सुरू होतो आणि दोष बहुधा घरातल्या सुनेच्या माथी येतो. दुसऱ्या प्रकारचा नवस शरीरालाही उपयोगी पडू शकतो. विदर्भात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचे व्यसन घराघरांत आहे आणि तोंडाच्या कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रियांच्या मुळाशी तंबाखू आहे. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी धूम्रपान सोडले तर नंतरच्या गुंतागुंती कमी होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. देवापुढे बेल ठेवून खर्रा आणि विडी सोडणारा रुग्ण आपला नवस आधीच फेडू लागलेला असतो. बोकडाच्या खर्चापेक्षा असा नवस कुठल्याही देवाला अधिक आवडेल असे मानायला हरकत नाही.

प्रार्थनेचा परिणाम मोजण्याचा प्रयत्नही झाला आहे. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांचा अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी काही रुग्णांसाठी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना माहीत नव्हते, त्या दोन गटांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले : ५२ आणि ५१ टक्के. ज्यांना ती होते आहे असे नक्की सांगितले होते, त्यांच्यात ते ५९ टक्के होते. या निष्कर्षावरून देव आहे किंवा नाही यातले काहीच सिद्ध होत नाही. अनोळखी माणसाने यादीवरून म्हटलेले नाव आणि आईने समईसमोर घेतलेले नाव एकच धरता येत नाही. पण प्रार्थनेला औषधाची मात्रा समजून तिच्याकडून हमखास गुण मागण्याला या अभ्यासातून काही आधार मिळत नाही. भक्तिपरंपरेनेही अशी हमी कधी दिली नव्हती. संतांची स्वतःची शरीरे आजारी पडली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली कर्करोगाने गेले आणि नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव दिले गेले. लाखोंनी ज्यांच्यासाठी प्रार्थना केली असेल त्यांचाही देह थांबला, यात प्रार्थना हरली असे त्यांच्या अनुयायांना वाटले नाही.

मग रुग्णाने स्वतः काय करायचे? चरकाने चिकित्सेचे चार पाय मानले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण सांगितले. रोग्याचे गुण असे : स्मृती, सांगितलेले ऐकणे, न घाबरणे आणि आपला आजार नीट सांगता येणे. बौद्ध विनयपिटकातल्या महावग्गात शुश्रूषेला सोपा असा आजारी भिक्खू कोणता, हे सांगताना जवळजवळ हीच यादी येते : जो पथ्य पाळतो, त्याचे प्रमाण जाणतो, औषध घेतो, दुखणे जसे आहे तसे सांगतो आणि शरीराच्या वेदना सोसतो. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला बुद्धाने आनंदासह स्वतः आंघोळ घातली, त्या प्रसंगाच्या ओघातच हा उपदेश आहे. दोन वेगळ्या परंपरा, आणि दोन्हींनी सत्य बोलणे हा रुग्णाचा धर्म मानला.

यवतमाळच्या रुग्णासाठी हा धर्म फार व्यावहारिक आहे. विदर्भात सिकलसेलचा आजार आदिवासी आणि अन्य काही समाजांत आढळतो. तो असलेल्या माणसाला भूल देताना शरीर कोरडे पडू न देणे, प्राणवायू आणि ऊब यांची विशेष काळजी घेणे भाग असते. नाहीतर जिवावर बेतू शकते. घरात कुणाला सिकलसेल आहे हे मुलीच्या लग्नाच्या काळजीने लपवले जाते आणि तीच लपवाछपवी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत येते. दारू किती, खर्रा किती, गावच्या वैदूची जडीबुटी कोणती, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे सारे भूलतज्ज्ञाला कळले पाहिजे. उपवासाचेही तसेच. भूल देण्यापूर्वी सर्वसाधारणपणे सहा तास अन्न आणि दोन तास पाणी बंद ठेवतात, कारण बेशुद्धीत पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते. ‘उपासच आहे, साबुदाणा तेवढा खाल्ला’ असे म्हणून ही वेळ मोडणारे आढळतात. एकादशीला साबुदाणा चालतो, भुलेला चालत नाही.

सत्याची दुसरी बाजू घरच्यांकडे असते. कर्करोग झाला हे रुग्णाला सांगायचे नाही, असे मुले परस्पर ठरवतात. फाइल लपवतात, ‘साधी गाठ आहे’ म्हणतात. हेतू प्रेमाचाच असतो. पण ज्याला आपला आजार माहीत नाही, त्याची संमती कशाची? त्याला व्यवहाराची निरवानिरव करता येत नाही, कुणाची क्षमा मागता येत नाही, देवाकडे काय मागायचे तेही ठरवता येत नाही. त्याची धार्मिक तयारी दुसऱ्यांनी हिरावून घेतलेली असते.

संमतीचे मूळही सुश्रुतात सापडते. चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात मूतखड्याच्या शस्त्रकर्माबद्दल तो सांगतो की शस्त्र न चालवल्यास मृत्यू निश्चित आणि चालवल्यास संशय. म्हणून अधिपतीची परवानगी घेऊनच वैद्याने काम करावे. त्या काळी विचारायचे ते राजाला. आज तो अधिकार रुग्णाकडे आला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे, आणि सज्ञान रुग्ण तात्पुरती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती चालत नाही. जिवावरचा तातडीचा प्रसंग वेगळा. रुग्णालयाच्या खिडकीवर घाईत केलेल्या सहीला एवढे वजन आहे. सही करण्याआधी मराठीत समजावून मागणे हा उद्धटपणा नाही. अनेक घरांत मात्र ‘डॉक्टरला काय विचारायचं’ या भिडेने ते राहून जाते.

संमती आणि धर्म यांची टक्कर कस्तुरबांच्या बाबतीत झाली, तिची हकिगत गांधीजींच्या आत्मकथेत आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला कस्तुरबांवर शस्त्रक्रिया झाली. प्रकृती इतकी क्षीण होती की ती क्लोरोफॉर्मशिवाय करावी लागली. पुढे डॉक्टरांना त्यांना गोमांसाचा रस द्यायचा होता. निर्णय तिलाच विचारा, असे गांधीजींचे म्हणणे होते. डॉक्टरांना रुग्णाला विचारणे मान्य नव्हते. शेवटी गांधीजींनी स्वतः विचारले तेव्हा कस्तुरबांनी ठाम नकार दिला आणि त्या अवस्थेत, पावसात, त्यांना तिथून हलवावे लागले. त्या वाचल्या. त्यांच्या नावाच्या सेवाग्रामच्या रुग्णालयात आज यवतमाळचे रुग्ण जातात. या हकिगतीतून नकार नेहमी बरोबर असतो असे निघत नाही. देह ज्याचा, त्याला विचारले पाहिजे एवढे निघते.

हा प्रश्न आजही येतो. हृदयाची झडप बदलायची असेल तर एक प्रकार धातू आणि कार्बनचा, त्यासोबत रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. दुसरा गाईच्या हृदयावरणाचा किंवा डुकराच्या झडपेचा. शस्त्रक्रियेत सर्रास लागणारे हेपारिन डुकराच्या आतड्यापासून मिळते. शाकाहारी, गोभक्त किंवा मुस्लिम रुग्णाला हे आधी सांगितले तर निवडीला वाव राहतो. परंपरांनी आपद्धर्माची वाट ठेवलीच आहे. कुराणात नाइलाजाने निषिद्ध खाणाऱ्याला दोष नाही. छांदोग्य उपनिषदात दुष्काळात उषस्ती चाक्रायण हत्तीच्या माहुताचे उष्टे कुळीथ खातो. पण त्याचे उष्टे पाणी नाकारतो, कारण ते खाल्ले नसते तर जीव गेला असता, पाणी मात्र दुसरीकडे मिळू शकत होते. सवलत गरजेइतकीच असते, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुठे सांगितले गेले असेल. पर्याय असेल तर तो मागावा. नसेल तर जीव वाचवणे हाच धर्म.

शस्त्रक्रिया स्वीकारणे ही श्रद्धेची हार आहे का, हा प्रश्न गांधीजींना स्वतःला झेलावा लागला. १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये त्यांनी डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावर कठोर टीका केली होती. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री, येरवड्याचे कैदी असताना, पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांचे अपेंडिक्स काढले. ओळखीच्या डॉक्टरांना बोलावण्याइतका वेळ नव्हता. गांधीजींनी श्रीनिवास शास्त्रींच्या उपस्थितीत संमतीच्या निवेदनावर थरथरत्या हाताने सही केली आणि ज्या सरकारशी त्यांचा लढा होता त्याच्याच सर्जनवर विश्वास टाकला. मध्येच वीज गेली आणि काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. पुढे वाचकांनी ‘हिंद स्वराज’ची आठवण दिली, तेव्हा त्यांनी बचाव केला नाही, या देहात जगण्याची आसक्ती अजून उरली आहे, असे त्यांनी कबूल केले.

विनोबांनी दुसरी वाट धरली. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी काही दिवसांत अन्न, पाणी आणि औषध सोडले आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, देह ठेवला. त्यांचे वय ८७ होते. या दोघांपैकी एकाला खरा आणि दुसऱ्याला खोटा ठरवण्याची गरज नाही. चौपन्न वर्षांच्या माणसापुढे काम उरले होते आणि आजार बरा होण्यासारखा होता. दुसऱ्याचे काम संपले होते. मात्र विनोबांचे उदाहरण देऊन चाळिशीतल्या कर्त्या बाईचे किंवा कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे उपचार टाळणे हा शुद्ध अपराध आहे. पैसा नाही म्हणून सोडलेले उपचार आणि वैराग्याने सोडलेले उपचार यांची गल्लत होता कामा नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारखी सोय आहे, ती मिळवण्यासाठी कागद गोळा करणे हे पारायणाइतकेच पवित्र काम आहे.

भुलेची भीती चिरफाडीहून वेगळी असते. ‘पुन्हा डोळे उघडतील ना?’ हा प्रश्न शेवटच्या रात्री बहुतेकांच्या मनात असतो. बोस्टनला १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरच्या भुलेखाली शस्त्रक्रिया जाहीरपणे झाली, त्याआधी असा प्रश्न क्वचितच येई. सुश्रुताच्या रुग्णाला फार तर तीव्र मद्य मिळत असे. तरी बेशुद्धीचा विचार वेदान्ताने केला आहे. ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या अध्यायात मूर्च्छेवर स्वतंत्र सूत्र आहे. शंकराचार्य तिथे सांगतात की मूर्च्छा ही जागृती नाही, स्वप्न नाही, गाढ झोप नाही आणि मृत्यूही नाही. श्वास आणि ऊब आहे, म्हणजे प्राण आहे. ते तिला मृत्यूचे दार म्हणतात. कर्म शिल्लक असेल तर माणूस त्या दारातून परत येतो. त्याच्या आधीच्या सूत्रात झोपेतून उठणारा तोच असतो का, याचा विचार आहे. अर्धवट राहिलेले काम तो पुढे चालवतो आणि मागचे आठवतो, म्हणून तोच. भुलेतून बाहेर आलेला रुग्ण ‘कापूस मोजून झाला का’ असे विचारतो तेव्हा या युक्तिवादाचे प्रत्यंतर मिळते. आजच्या भूलतज्ज्ञाने या दाराशी पहारा ठेवला आहे : नाडी, रक्तदाब, प्राणवायू सतत मोजले जातात. हे रुग्णाला आधी समजावून सांगितले तर भीती बरीच उतरते.

शस्त्रक्रियेच्या सकाळी डोरले, जोडवी, बांगड्या, करदोटा, ताईत उतरवायला सांगतात. त्यामागे कारणे आहेत : रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विद्युत उपकरणामुळे धातूजवळची त्वचा भाजू शकते, सूज आली तर अंगठी बोटात रुतते, नखांवरचा रंग आणि गडद मेंदी यांमुळे प्राणवायू मोजणाऱ्या चिमट्याचे वाचन चुकू शकते. सौभाग्यवतीला डोरले उतरवणे अशुभ वाटते आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ते स्वतः पतीच्या किंवा सासूच्या हाती देता आले, तर ओढून काढल्याची भावना राहत नाही. रुग्णालयांनी एवढा वेळ दिला पाहिजे. चिन्ह उतरले म्हणून नाते उतरत नाही, हे सांगायला घरचेच माणूस लागते.

घरापासूनचे तुटलेपण भरून काढण्याची एक थोर सोय याच प्रदेशाने दिली. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी देवळे बांधण्याऐवजी धर्मशाळा बांधल्या आणि रोग्याला औषध, बेघराला आसरा यांना देवपूजेची जागा दिली. त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयात आलेल्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. मुंबईत ओळख नसलेल्या यवतमाळच्या कुटुंबाला तिथे पाठ टेकता येते. चरकाच्या तिसऱ्या पायाला, परिचारकाला, उभे राहायला जागा लागतेच. सोबत जाणाऱ्याची निवड करताना घरातला सर्वांत भाविक माणूस शोधण्यापेक्षा सर्वांत स्थिर माणूस शोधावा. सुश्रुताने परिचारकाचे गुण सांगताना स्नेहाच्या शेजारीच स्थिरता ठेवली आहे.

निरवानिरव शेवटी येते, पण ती शेवटच्या दिवसावर ढकलू नये. कुणाचे देणे, कुणाकडचे येणे, सातबारावरची नावे, बँकेतला वारस, मुलीचे शिक्षण. इच्छापत्र लिहिणे अभद्र मानले जाते. त्यामुळे मागे राहिलेल्या बायकांची वर्षानुवर्षे फरफट होते. आपली शुद्ध कायमची हरपली आणि बरे होण्याची आशा उरली नाही, तर यंत्रावर किती काळ ठेवावे, याचीही लेखी सूचना देता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी तो हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ती सूचना साक्षांकित होते. भावाशी शेताच्या धुऱ्यावरून धरलेला अबोला सोडणे याच यादीत येते. मृत्यूची आठवण ठेवून व्यवहार नीट लावणे अनेक धर्मांनी सांगितले आहे आणि शस्त्रक्रियेची ठरलेली तारीख त्यासाठी मुदत देते. अपघातात मरणाऱ्याला ती मिळत नाही.

चरकाने साध्य आणि असाध्य असे रोगांचे भाग केले आणि असाध्याला हात घालताना वैद्याला सावध केले. नामांकित रुग्णालयातूनही काही रुग्ण परत येत नाहीत, काहींना उघडून पुन्हा शिवून पाठवले जाते. अशा वेळी ‘आधी आणलं असतं तर’, ‘टाटाऐवजी नागपूरला ठेवलं असतं तर’ हे प्रश्न घरात वर्षानुवर्षे फिरतात. आत्रेयांच्या हिशेबात दैवाला राखलेली जागा इथे कामाला येते. तिचा उपयोग शस्त्रक्रियेआधी प्रयत्न टाळण्यासाठी करायचा नसतो. प्रयत्न पुरा झाल्यावर, ज्यांनी रात्रीची गाडी धरली, रक्त दिले, कागद भरले, त्यांच्या माथ्यावरून दोषाचे ओझे उतरवण्यासाठी ती आहे.